मुखदुर्गंधी : तिचे मूळ आणि निवारण

तोंडाला येणारी दुर्गंधी हा विकार मोठा चमत्कारिक आहे. ज्याला तो जडलेला असतो त्याला त्याची वार्ता नसते आणि ज्यांना ती असते ते संकोचापोटी बोलत नाहीत. सततच्या वासाला आपले नाक सरावते. त्यामुळे समोरचा गृहस्थ बोलता बोलता अर्धे पाऊल मागे का सरकला, याचा उलगडा पुष्कळांना वर्षानुवर्षे होत नाही. याउलट, तोंडाला कसलाही वास नसताना तो येत असल्याच्या धास्तीने हातरुमाल तोंडाशी धरून वावरणारी माणसेही आढळतात. शंका असल्यास एक साधी परीक्षा करून पाहावी. मनगटाची आतील बाजू जिभेने ओली करून काही क्षण वाळू द्यावी व मग हुंगावी. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे घरातील विश्वासाच्या माणसाला स्पष्ट विचारणे आणि त्याने खरे सांगितले तर न रागावणे.

‘पोट साफ नाही, म्हणून तोंडाला वास येतो’ ही समजूत आपल्याकडे घरोघरी दृढ आहे. परिणामी सारा उपचार चूर्णावर आणि एरंडेलावर चालतो व दुर्गंधी जिथल्या तिथे राहते. वस्तुतः अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ढेकर सोडल्यास पोटातील वायू सहसा तोंडापर्यंत पोचत नाही. दुर्गंधीची तक्रार असणाऱ्या दहांपैकी आठ-नऊ जणांच्या बाबतीत तिचे मूळ तोंडातच सापडते, असे आधुनिक दंतवैद्यक सांगते. कॅनडातील संशोधक जोसेफ टोन्झेटिच यांनी १९६० नंतरच्या काळात या वासाचे रासायनिक स्वरूप उलगडून दाखविले. अन्नाचे कण, लाळेतील प्रथिने आणि तोंडातील झडलेल्या पेशी यांवर प्राणवायूवाचून वाढणारे जंतू पोसले जातात व त्या प्रथिनांचे विघटन करताना गंधकयुक्त वायू सोडतात. हायड्रोजन सल्फाइड हा त्यांपैकी एक. सडक्या अंड्याला जो वास येतो, तो याचाच.

हे जंतू दडून राहतात कोठे? मुख्यतः जिभेच्या मागील भागावर. जिभेचा पृष्ठभाग गालिच्यासारखा असतो. त्याच्या खाचांत पांढरट-पिवळसर थर साचतो. दात दोन वेळा घासूनही तोंडाला वास येत असेल, तर प्रथम संशय या थराचाच घ्यावा. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. सोने, रुपे, तांबे, कथील व पितळ यांपासून बनविलेल्या, धार नसलेल्या पट्टीने जीभ खरवडावी, असे चरकसंहितेत सांगितले आहे. विहिरीच्या काठी सकाळी जीभ खरवडून घशातून नाना आवाज काढणाऱ्या आजोबांना आपण हसलो, पण मुळावर घाव तेच घालीत होते. आजही तांब्याची वा प्लॅस्टिकची पट्टी अल्प किमतीत मिळते. जीभ बाहेर काढावी, श्वास सोडीत पट्टी शक्य तितकी मागे टेकवावी आणि हलक्या हाताने तीन-चार वेळा पुढे ओढावी. पुष्कळ लोक केवळ जिभेचे टोक घासतात; त्याचा उपयोग नाही. रक्त येईपर्यंत खरवडणेही तितकेच गैर होय.

दुसरे ठिकाण हिरड्यांचे. दातांच्या मुळाशी साचलेला मऊ थर वेळीच निघाला नाही तर त्याचे कीटण बनते, हिरडी सुजते आणि दातापासून सुटून तेथे खोबण तयार होते. या खोबणीत ब्रश पोचत नाही. हिरडीतून रक्त येऊ लागले की लोक भिऊन तेवढी जागा घासणेच सोडून देतात. त्यामुळे रोग अधिकच बळावतो. ‘दंतवैद्याकडून कीटण काढून घेतले तर दात हलू लागतात’ हा समजही असाच घातक आहे. दाताचा आधार रोगाने आधीच पोखरलेला असतो. कीटण निघाल्यावर ते उघडकीस येते, एवढेच. वास हा येथे केवळ इशारा आहे. दुर्लक्ष केल्यास धडधाकट, न किडलेले दातही गळून पडतात. बांबोळी येथील शासकीय दंत महाविद्यालय १९८० पासून कार्यरत आहे. तपासणीसाठी दात दुखू लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

कोकण-गोव्यात व सीमाभागात अनेक स्त्रिया अजूनही मशेरीने दात घासतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू होय, दंतमंजन नव्हे. वासावर उपाय म्हणून ती लावली जाते. परंतु दिवसातून तीन-चार वेळा लावण्याची तलफ जडते, हिरड्या खराब होतात आणि मुखकर्करोगाचा धोका वाढतो. गोव्याने गुटख्यावर २००५ मध्येच बंदी घातली. माजघरातील मशेरीच्या डबीपर्यंत मात्र कायद्याचा हात पोचणे कठीण. तेथे घरच्या मुलासुनांनीच बोलले पाहिजे.

सकाळी उठल्यावर येणाऱ्या वासाने चिंतित होऊ नये. लाळ ही तोंडाची नैसर्गिक सफाई करते; दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते, पण झोपेत तिचा ओघ मंदावतो. कडक उपवासात, तोंडाने श्वास घेणाऱ्यांत व काही औषधांमुळेही तोंड कोरडे पडून वास येतो. औषधे आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे, पाणी थोडे थोडे पीत राहावे. जेवणानंतर खळखळून चूळ भरण्याची आपली जुनी रीत फार शहाणपणाची होती. हॉटेलात कागदी रुमालाने ओठ टिपून उठण्याच्या नव्या रीतीत ती हरवत चालली आहे. कवळी वापरणाऱ्यांनी रात्री ती काढून, घासून पाण्यात ठेवावी.

बडीशेप, लवंग, वेलची यांनी वास घटकाभर झाकला जातो; साखरेच्या गोळ्यांनी दात किडतात ते वेगळेच. गुळण्यांच्या द्रवांविषयी प्रसिद्धीच्या व्यवसायातील माणसाने काय बोलावे! लिस्टरिन १८७९ मध्ये जंतुनाशक म्हणून निघाले; त्याला घरोघरी नेले ते १९२० नंतरच्या दशकातील मुखदुर्गंधीची भीती घालणाऱ्या जाहिरातींनी. क्लोरहेक्सिडीनचा द्रव गुणकारी आहे, परंतु दीर्घकाळ वापरल्यास दातांवर डाग पडतात; तो दंतवैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावा. लसणाची गोष्ट निराळी. त्यातील गंधद्रव्य रक्तावाटे फुप्फुसांत जाऊन श्वासाबरोबर बाहेर पडते, त्यामुळे कितीही दात घासले तरी काही तास वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

तोंड, जीभ व हिरड्या स्वच्छ असूनही वास टिकला, तर टॉन्सिल, नाक व सायनस यांची तपासणी करवावी. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी व स्राव येत असेल, तर त्याने चिंचोका, मणी असे काही आत घातले असण्याचा संभव असतो. ते घरी काढू पाहू नये, डॉक्टरांकडून काढून घ्यावे. मूत्रपिंड निकामी होत असताना श्वासाला अमोनियासारखा वास येतो. आणि मधुमेहाच्या रोग्याच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येऊन सोबत उलट्या, धाप वा ग्लानी दिसली, तर सकाळपर्यंत न थांबता त्याच घटकेला त्याला रुग्णालयात न्यावे.