ढोरं चारायची कुठं? कोराडी परिसरातल्या चराईचा हिशेब

कोराडी म्हटले की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक जगदंबेचे मंदिर आणि दुसरी वीज केंद्राची धुरांडी. तिसरी एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे इथली ढोरं. कामठी तालुक्याच्या या पट्ट्यात आजही गाई आहेत, म्हशी आहेत, शेळ्यांचे कळप आहेत. पण ती चारायची कुठं, हा प्रश्न दरवर्षी पोळ्यानंतर उभा राहतो.

वीज केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. त्यानंतर केंद्र वाढत गेले, राखेचे तलाव आले, सावनेरकडे जाणारा रस्ता रुंद झाला आणि मागोमाग नागपूरच्या वसाहतीही सरकत आल्या. १६ जुलै २०२२ रोजी खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ शेतांत, नाल्यांत शिरला. पिकाचे पंचनामे होतात. पण ज्या नाल्यावर गावची ढोरं पाणी पितात, त्याच्या काठच्या गवताचा पंचनामा कधी कोणी ऐकला आहे काय? अशा राखाळ पाण्यावर जनावरे पाजू नयेत, एवढे तरी गुराख्याला बजावून सांगितले पाहिजे.

पूर्वी ही व्यवस्था गावाच्या हातात होती. सकाळी ढोरं आखरावर जमायची, गायकी ती मोजून घ्यायचा आणि कोणत्या महिन्यात कोणता पड मोकळा ठेवायचा हे त्याला तोंडपाठ असायचे. हे काम पिढ्यान् पिढ्या गोवारी समाजाने केले. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधनात त्यांचा मान आजही आहे. पण २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात याच समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले, हेही विसरता येत नाही. चराई आटली तसा गायकीही मजुरीला लागला, आणि त्याच्याबरोबर हिशेबही गेला.

आता कागदाचे पाहू. आपल्या विदर्भात मालगुजारी गेली तरी निस्तार पत्रक राहिले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत त्याची तरतूद आहे, आणि गावची ढोरं कुठे व कोणत्या अटींवर चारायची हे त्यातच नोंदवायचे असते. याच संहितेच्या कलम २२ प्रमाणे मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. गायरान खासगी माणसाला देऊ नये, असे शासनाने १२ जुलै २०११ च्या निर्णयाने सांगितले. तेव्हा आपल्या गावचे निस्तार पत्रक पाहायला काही हरकत नाही. किती गावकऱ्यांनी ते पाहिले आहे, हा भाग वेगळा!

त्यात झुडपी जंगलाचा गुंता आहे. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत अशी ८६ हजार हेक्टरवर जमीन आहे. नाव जंगल, पण मुळात ती चराईचीच. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच ठरवली. त्यामुळे ती बिल्डरांच्या घशात सहजी जाणार नाही, हे बरे झाले. पण उद्या तिथे रोपवन करून तारेचे कुंपण घातले, तर ढोरं बाहेरच राहणार. म्हणून कोणता गट गायरान आहे आणि कोणता झुडपी, हे तलाठ्याकडे आजच पाहून ठेवावे.

जमीन शिल्लक असली तरी गवत असतेच असे नाही. पवन्या, मारवेल ही चांगली गवते आधी खाल्ली जातात. मग कुसळी येते, आणि शेवटी तरोटा, गाजरगवत, रायमुनिया. तरोट्याचे रान माजले की समजावे, इथे ढोरं जास्त झाली.

किती जास्त, हे मोजता येते. त्याला साहेबाची गरज नाही. बांबूच्या कमच्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट करा. दसऱ्याच्या सुमारास पडात दहा-बारा ठिकाणी ती टाका, आतले गवत विळ्याने कापा, वाळवा, वजन करा. समजा एका चौकटीत सरासरी शंभर ग्रॅम वाळले गवत निघाले, तर हेक्टरी दहा क्विंटल झाले. त्यातले निम्मे जमिनीवर ठेवलेच पाहिजे, नाहीतर मुळे मरतात आणि माती उघडी पडते. उरले पाच क्विंटल. आपली गावरान गाय दिवसाला सहा किलोच्या आसपास वाळला चारा खाते. म्हणजे एका हेक्टरवर एक गाय तीन महिनेसुद्धा निघत नाही! पन्नास ढोरं आणि दहा हेक्टर असतील, तर महिनाही पुरत नाही. हा आकडा ग्रामसभेत मांडला की अर्धे वाद आपोआप मिटतात. उरलेला चारा कडब्याचा की कुटाराचा, हे तरी वेळेवर ठरते.

दुसरा उपाय याहून सोपा. गायरानात गुंठाभर जागा बोराटीने कुंपून टाका आणि तिथे वर्षभर एकही जनावर जाऊ देऊ नका. आतले गवत आणि बाहेरचे गवत शेजारी शेजारी दिसले की कोणाला भाषण द्यावे लागत नाही.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९९० नंतर चराईबंदी केली आणि गवत कापून न्यायची मुभा ठेवली. आपल्याकडे सरसकट बंदी जमणार नाही. शेळ्या राखणाऱ्या भूमिहीनाने कापायचे कधी आणि वाहायचे कसे? त्यापेक्षा पडाचे तीन भाग करावेत. एक भाग पहिल्या पावसापासून बी गळेपर्यंत बंद, बाकीचे दोन आळीपाळीने मोकळे, आणि पुढच्या वर्षी बंद भाग बदलायचा. राखणदाराचे धान्य ढोरामागे ठरवून घ्यावे. हा ठराव मृगाआधीच्या ग्रामसभेत झाला पाहिजे, कारण एकदा हिरवे कोंब फुटले की कोणी कोणाचे ऐकत नाही.