आंतरसांस्कृतिक व्यवस्थापन

आंतरसांस्कृतिक व्यवस्थापन ही व्यवस्थापनशास्त्राची एक शाखा आहे. भिन्न देश, भाषा व कार्यपरंपरा यांतून आलेल्या व्यक्ती एकाच संस्थेत काम करतात, तेव्हा अधिकार, वेळ, मतभेद आणि जबाबदारी यांविषयीच्या त्यांच्या गृहीत कल्पनांमध्ये फरक पडतो. हा फरक ओळखून संवाद व निर्णयप्रक्रिया यांची मांडणी कशी करावी, याचा अभ्यास या शाखेत केला जातो.

स्वरूप

बैठकीत कनिष्ठ सहकारी गप्प राहिला, तर त्याचा अर्थ कुठे संमती, कुठे वरिष्ठांविषयीचा आदर, तर कुठे उदासीनता असा लावला जातो. चुकीचा अर्थ लावल्यास नुकसान केवळ गैरसमजापुरते राहत नाही. कर्मचाऱ्याचे मूल्यमापन व पदोन्नती यांवर त्याचा परिणाम होतो आणि कामातील दोष वेळीच वरिष्ठांपर्यंत पोहोचत नाहीत.

अभ्यासाचा विकास

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९५० च्या दशकात परदेशी जाणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले. काही समाजांत आशय स्पष्ट शब्दांत मांडला जातो, तर काहींत तो प्रसंग व नातेसंबंध यांवरून समजून घ्यावा लागतो, हा भेद त्यांनी पुढे विस्ताराने मांडला.

डच संशोधक खेर्ट हॉफस्टेड (१९२८–२०२०) यांनी आयबीएम कंपनीत १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांचे विश्लेषण केले. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ४० देशांची तुलना चार परिमाणांवर केली: सत्ता-अंतर, अनिश्चितता टाळण्याची वृत्ती, व्यक्तिवाद आणि पुरुषत्व. दीर्घकालीन दृष्टी व उपभोगवृत्ती ही दोन परिमाणे नंतर जोडली गेली. रॉबर्ट हाउस यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘ग्लोब’ प्रकल्पाने ६२ समाजांतील नेतृत्वविषयक अपेक्षांचा अभ्यास केला. त्याचे मुख्य निष्कर्ष २००४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

उदाहरणे

डाइमलर-क्रायस्लर: १९९८ साली जर्मनीची डाइमलर-बेंझ आणि अमेरिकेची क्रायस्लर या कंपन्यांचे विलीनीकरण ‘समान भागीदारांचे’ म्हणून जाहीर झाले. दोन्हीकडील वेतनश्रेणी व निर्णयपद्धती मात्र फार वेगळ्या होत्या. क्रायस्लर हा केवळ एक विभाग असावा, हीच आपली मूळ योजना होती, असे प्रमुख युर्गेन श्रेम्प यांनी २००० साली एका मुलाखतीत सांगितले. २००७ साली क्रायस्लरचा ८०.१ टक्के हिस्सा विकण्यात आला. या अपयशाचे कारण म्हणून संस्कृतिभेदाचा उल्लेख नेहमी होतो. परंतु खरी सत्ता कोणाकडे आहे हे लपवून ठेवल्याने अविश्वास वाढला, ही बाबही तितकीच महत्त्वाची आहे.

रेनो-निस्सान: १९९९ साली फ्रान्सच्या रेनो कंपनीने जपानच्या निस्सानमध्ये ३६.८ टक्के हिस्सा घेतला. निस्सानची स्वतंत्र ओळख कायम ठेवण्यात आली. उपाय सुचवण्यासाठी विविध विभागांतील कर्मचाऱ्यांचे संयुक्त गट नेमले गेले. इंग्रजी ही सामायिक भाषा ठरली. ‘अधिकार’, ‘वचनबद्धता’ अशा शब्दांचा सर्वांना एकच अर्थ कळावा म्हणून छोटा शब्दकोशही तयार करण्यात आला. पुढील आर्थिक वर्षात निस्सान नफ्यात आली. तथापि, पुनरुज्जीवन योजनेत पाच कारखाने बंद करणे आणि २१,००० पदांची कपात यांचाही समावेश होता. त्यामुळे सर्व श्रेय सांस्कृतिक समन्वयाला देता येत नाही.

मारुती-सुझुकी: १९८२ सालच्या करारानंतर गुडगाव येथील कारखान्यात अधिकारी व कामगार यांच्यासाठी समान गणवेश आणि एकच उपाहारगृह ही जपानी पद्धत आणली गेली. श्रेणीभेद ठळकपणे पाळणाऱ्या तत्कालीन भारतीय उद्योगात हा मोठा बदल होता.

राकुतेन: या जपानी कंपनीने २०१० साली इंग्रजी ही कामकाजाची भाषा म्हणून जाहीर केली. अशा निर्णयाने संपर्क सुलभ होतो. पण कामात निपुण असूनही त्या भाषेत अडखळणाऱ्या व्यक्तीचे संस्थेतील वजन कमी होऊ शकते.

व्यवहारातील उपाय

बैठकीची विषयपत्रिका आधी पाठवणे, लेखी मत देण्याची मुभा ठेवणे, प्रत्येकाला क्रमाने बोलण्याची संधी देणे आणि अंतिम निर्णय कोण घेणार हे आरंभीच सांगणे, हे उपाय प्रचलित आहेत. अलिखित संकेत नवख्या सदस्यालाही कळावेत, हा त्यांमागील समान हेतू होय.

टीका

ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ साली हॉफस्टेड यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. एकाच कंपनीतील कर्मचाऱ्यांवरून संपूर्ण राष्ट्राचा स्वभाव ठरवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. एका देशातही प्रदेश, वर्ग, पिढी व व्यवसाय यांनुसार मोठे भेद असतात. राष्ट्रीय सरासरी समाजांच्या तुलनेसाठी असते, व्यक्तींच्या पारखीसाठी नव्हे, असे स्वतः हॉफस्टेड यांनीही बजावले होते. ही मर्यादा दुर्लक्षिल्यास सहकाऱ्याला समजून घेण्यासाठी तयार झालेले साधन त्याच्यावर शिक्का मारण्याचे साधन ठरते. तसेच वेतनातील विषमता किंवा निर्णयातून वगळले जाणे अशा तक्रारी ‘संस्कृतिभेद’ म्हणून बाजूला सारल्या जाण्याचा धोकाही अभ्यासक दाखवून देतात.