गळलेलं फळ, मुरलेलं मीठ

आंबिया बहाराची संत्री तोडीला येतात दिवाळीच्या आसपास, पण नरखेड तालुक्यातला बागायतदार धास्तावतो तो ऑगस्ट-सप्टेंबरातच. पाऊस लांबला, मुळाशी पाणी साचलं, बुरशी चढली किंवा रात्री रसशोषक पतंगाने फळाला सोंड लावली, की हिरवी-पोपटी फळं देठ सोडतात. सकाळी बागेत जावं तर झाडाखाली सडा. शास्त्रज्ञांचा सल्ला एकच: गळलेली फळं वेचा, बागेबाहेर न्या, खड्ड्यात पुरा. आपल्याकडे गळ म्हणजे नुकसान. पंचनाम्यात लिहिण्याची गोष्ट.

जपानच्या वाकायामा प्रांतात मिनाबे नावाचं गाव आहे. तिथे जूनमध्ये डोंगरउतारांवरच्या झाडांखाली निळ्या जाळ्या अंथरतात आणि फळ आपोआप गळायची वाट पाहतात. लोणच्यासाठी झाडावरून तोडलेल्यापेक्षा जाळीत पडलेलं, पूर्ण पिकलेलं फळ तिथे उत्तम मानलं जातं. ते फळ म्हणजे उमे, आणि त्याचं मिठात मुरवून उन्हात वाळवलेलं लोणचं म्हणजे उमेबोशी. इंग्रजीच्या प्रभावाने आपण त्याला आलुबुखार म्हणून मोकळे होतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात उमे जर्दाळूला जास्त जवळचं. कच्चं ते खातच नाहीत.

संत्र्याच्या मुलखातल्या माणसाने या आंबट फळाची चौकशी का करावी? कारण दोन्ही प्रदेशांचं नशीब एकेका फळाला बांधलेलं आहे. जपानच्या एकूण उमेपैकी निम्म्याहून बरंच जास्त एकट्या वाकायामात पिकतं. इकडे वर्धा नदीच्या अलीकडे नरखेड आणि काटोल, पलीकडे वरूड आणि मोर्शी. मधल्या पट्ट्यात दुसऱ्या फळाचं नाव निघतं ते बहुधा मोसंबीचंच. नागपुरी संत्र्याची कलमं भोसल्यांनी औरंगाबादेहून आणली असं सांगतात. वाकायामातही आरंभ दरबारातूनच झाला. सतराव्या शतकात तानाबेचा अधिपती आंदो नाओत्सुगु याने, भात पिकत नाही अशा खडकाळ जमिनीवर उमे लावणाऱ्यांना करात सवलत दिली, अशी तिकडची परंपरा आहे.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते. १९०२ च्या सुमारास ताकादा नावाच्या शेतकऱ्याने लावलेल्या रोपांत एक झाड मोठ्या, गरदार फळांचं निघालं. १९५० मध्ये गावाने सर्वांत चांगली जात निवडायचं ठरवलं आणि पाच वर्षं झाडांच्या नोंदी ठेवल्या. नोंदी ठेवणारे होते स्थानिक हायस्कुलातले शिक्षक ताकेनाका आणि त्यांचे विद्यार्थी. निवड ताकादाच्या झाडाची झाली. त्या जातीला ‘नान्को’ नाव मिळालं आणि १९६५ मध्ये तिची अधिकृत नोंद झाली. आपल्याकडे काटोलला फळ संशोधन केंद्र आहे, नागपुरात १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संस्था आहे, बिनबियांचं वाण तिने दिलं आहे. पण हायस्कुलातली पोरं बागा मोजत फिरताहेत आणि त्यातून तालुक्याचं वाण ठरतंय, हे चित्र आपल्याकडे दिसत नाही. का दिसू नये, कळत नाही.

आता कृती. फळाच्या वजनाच्या अठरा ते वीस टक्के मीठ, दुसरं काही नाही. थरावर थर, वर दडपण. चार-पाच दिवसांत मीठ फळातलं पाणी ओढून घेतं आणि फळं स्वतःच्याच खारात बुडतात. खार वर आला नाही तर बुरशी आलीच, म्हणून दडपण जड लागतं. हा खार टाकत नाहीत. उमेझु म्हणून तो वेगळा विकला जातो. घरगुती कृतीत लाल शिसोची पानं मिठात चोळून घालतात. आम्लात त्यांचा जांभळा रंग लालभडक होतो. पावसाळा सरला की जुलैच्या अखेरीला तीन दिवस कडक ऊन द्यायचं. मग बरणीत. तेल नाही, मोहरी नाही, फोडणी नाही. दहाव्या शतकातल्या ‘इशिन्पो’ या जपानी वैद्यकग्रंथात खारवलेल्या उमेचा औषधी उल्लेख आहे. आजही तापातून उठलेल्या माणसाला तांदळाच्या पेजेबरोबर उमेबोशीच देतात.

हे वाचताना विदर्भातल्या कुणालाही फडताळातली बरणी आठवावी. कागदी लिंबं, मीठ आणि ऊन, एवढ्यावर मुरवलेलं लोणचं आपल्याकडेही आजारी माणसाच्या मऊ भातासोबतच निघतं. वर्ष उलटलं की साल काळपट, मऊ होते आणि कडूपणा जातो. कैरीच्या रायत्याचा थाट त्याला नाही. पाहुण्यांच्या ताटात ते क्वचितच पडतं. पण शास्त्र दोन्हीकडे एकच. मीठ पाणी बांधून ठेवतं, सायट्रिक आम्ल जिवाणूंना थारा देत नाही. आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही मिठावर टिकवलेल्या लोणच्यात किमान बारा टक्के मीठ मागितलं आहे.

बारा टक्क्यांचा हा आकडा उमेबोशीच्या खास दुकानात नेमका उपयोगी पडतो. तिथे भांड्याभांड्यांवर मिठाचं प्रमाण लिहिलेलं असतं आणि चाखायला बारीक तुकडे ठेवलेले असतात. या आकड्याच्या खालची, आठ टक्क्यांच्या आसपासची मधातली उमेबोशी नवख्याला आधी देतात. ती गोडसर, लुसलुशीत, आपल्या मुरंब्याच्या नात्यातली. खरं तर ही आधी वीस टक्के मिठात मुरवलेली असते; नंतर पाण्यात ठेवून मीठ काढतात आणि मध किंवा चवीच्या पाकात घालतात. जपानी लेबलावर तिची नोंदही वेगळी, ‘चव दिलेली’ अशी होते. मीठ उतरलं की टिकाऊपणाही उतरतो, म्हणून ती फ्रिजमध्ये. शेवटच्या भांड्यात वीस टक्क्यांची: सुरकुतलेली, सालीवर कधी मिठाचे कण. जिभेवर ठेवताच जबडा आवळतो, डोळे मिटतात, आणि मग तोंडाला पाणी सुटतं ते थांबत नाही. खारं लिंबू खाऊन वाढलेल्याने सरळ हिच्यापासून सुरुवात करावी, असं माझं मत. मधातली चांगली लागते, पण तिला लोणचं म्हणायला जीभ कचरते. जपानमध्ये मात्र आज खप तिचाच मोठा आहे.

मिनाबेची खरी हुशारी दुकानात नाही, शेतकऱ्याच्या अंगणात आहे. खारवणं आणि वाळवणं हे पहिले दोन टप्पे तो स्वतः करतो आणि पिंपात भरलेला पक्का माल कारखान्याला विकतो. फळ जाळीत पडलं त्याच दिवशी मिळेल तो भाव घ्यायची सक्ती त्याच्यावर नसते. गेल्या वर्षीची पिंपं कोठारात असतात. २०२४ मध्ये उबदार हिवाळा आणि मार्चमधली गारपीट यांनी वाकायामाचं पीक फार खाली आणलं, तेव्हा आधार होता तो या साठ्याचाच. उमेबागा, त्यांच्यावरची झाडी, परागीभवन करणाऱ्या मधमाश्या या साऱ्या व्यवस्थेला २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषिवारसा म्हणून मान्यता दिली.

नरखेडचा बागायतदार वाट पाहू शकत नाही. पिकलं की तोड, तोडलं की गाडी. नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. त्याने २०१९ पासून आयातशुल्क चढवत नेलं आणि २०२३ मध्ये ते किलोला ८८ टक्यांवर पोहोचलं. माल देशातच साचला, भाव पडले, आणि ‘चुरी’ म्हणजे लहान फळ तर कुणी विचारेना. प्रक्रिया उद्योगाची बोलणी जुनी आहेत. संत्रा उत्पादकांच्या संघातून निघालेला ‘नोगा’ १९७२ पासून राज्याच्या कृषिउद्योग महामंडळाकडे आहे. नागपूरच्या मिहानमधल्या पतंजलीच्या फूड पार्कची पायाभरणी २०१६ ची, उद्घाटन मार्च २०२५ चं. हे सगळं रसाचं आणि कारखान्याचं. अंगणातलं काही नाही.

मग गळलेलं संत्रं मिठात घालावं का? नाही. उमेत आम्ल चार-पाच टक्के, कागदी लिंबात त्याहून जास्त, संत्र्यात मात्र टक्काभरही नाही. शिवाय सालीतला आणि बियांतला कडूपणा रस ठेवला की वाढत जातो. बुरशीने गळलेल्या फळाचं तर लोणचं घालूच नये. मिनाबेत फळ पिकून गळतं, आपल्याकडे रोगाने, हा फरक विसरून चालणार नाही.

पण याच पट्ट्यात एक आंबट फळ बिनकामाचं समजलं जातं. संत्र्याचं कलम बांधतात ते जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर. नदीपलीकडचं शेंदूरजना घाट तर रोपवाटिकांसाठीच ओळखलं जातं. खुंटासाठी हवं ते फक्त बी, आणि ते ओलं असतानाच पेरावं लागतं. जंबेरी चिरून बी काढलं की साल आणि गर उरतो: दाट सुवासाचा, भरपूर आंबट, मिठाला चांगला धरणारा. घरोघरी जंबेरीचं लोणचं घालणाऱ्या बाया अजून आहेत. पहिलं पिंप भरायचं झालं तर भाव पडलेल्या संत्र्याऐवजी या फळाचं भरावं, आणि त्यावर, जपानी दुकानात लिहितात तसं, मिठाचं प्रमाण लिहावं: अठरा टक्के.