हंगेरीतील परगण्यांची जोडनावे

हंगेरीच्या नकाशावर दृष्टी टाकली असता तेथील परगण्यांची लांबलचक जोडनावे प्रथमच नजरेत भरतात. बोर्शोद-ऑबॉउय-झेम्प्लेन, सॉबोल्च-सॉत्मार-बेरेग, कोमारोम-एस्तेरगोम ही त्यांतील काही होत. राजधानी बुडापेस्ट वगळता देशाचे १९ परगणे असून त्यांपैकी आठांची नावे अशी जोडलेली आहेत. ही नावे त्या त्या प्रदेशाचे वर्णन करणारी आहेत, असा समज होणे साहजिक आहे. परंतु तो यथार्थ नाही. त्यांतील काही नावे ज्या स्थळांवरून पडली, ती स्थळे आज हंगेरीत नाहीत.

या विसंगतीचे मूळ परगण्याच्या मूळ कल्पनेत शोधले पाहिजे. हंगेरियन भाषेत परगण्याला ‘वारमेद्ये’ असा शब्द आहे. त्यातील ‘वार’ म्हणजे गड. ‘मेद्ये’ हा शब्द स्लाव भाषांतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ सीमा असा आहे. त्याच मुळापासून आलेला ‘मेझ्द्ये’ हा शब्द शेताच्या बांधाला लावतात. या स्लाव शब्दाचे नाते संस्कृत ‘मध्य’ या शब्दाशी आहे: दोन शेतांच्या मधली ती सीमा. गडाधिकाऱ्याचे ‘इश्पान’ हे अभिधानही स्लाव ‘झुपान’वरूनच आले. इ. स. १००० च्या सुमारास राज्याभिषेक झालेल्या पहिल्या इश्तवान राजाने राजसत्तेच्या गडांभोवती ही व्यवस्था उभारली. गड व त्याच्या ताब्यातील मुलूख असे तिचे स्वरूप होते, आणि गडाचेच नाव मुलखाला मिळत असे. सॉबोल्च, बोर्शोद, झेम्प्लेन, बिहॉर ही नावे अशीच पडली.

पुढे राजाचा हा परगणा क्रमाने स्थानिक सरदार-जमीनदारांच्या हाती गेला. त्यांची सभा, न्यायदान व करवसुली म्हणजेच परगणा, असे समीकरण रूढ झाले. त्यामुळे भूमी हातची गेली तरी परगणा संपत नसे. १५४१ मध्ये तुर्कांनी बुडा घेतल्यानंतर पेश्त परगण्याचा कारभार राजाच्या ताब्यातील फ्युलेक या दूरच्या गावातून चालत राहिला. १७८५ मध्ये दुसऱ्या योझेफ सम्राटाने परगण्यांची स्वायत्तता मोडून देशाचे दहा विभाग पाडले. परंतु १७९० मध्ये मृत्यूपूर्वी त्याला ती आज्ञा मागे घ्यावी लागली.

खरी कसोटी १९२० साली लागली. ४ जून १९२० च्या त्रियानोंच्या तहाने हंगेरीच्या राज्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक प्रदेश शेजारच्या राष्ट्रांकडे गेला. नव्या सीमारेषेने अनेक परगणे मधोमध चिरले. बिहॉरचे मुख्य ठाणे नॉद्यवाराद व सॉत्मारचे नामदाते नगर रुमानियात गेले. बेरेगचे मुख्य ठाणे बेरेगसास चेकोस्लोव्हाकियात गेले व ते आज युक्रेनमध्ये आहे. कोमारोम शहराचे तर डॅन्यूब नदीवर दोन तुकडे झाले. मागे उरलेले तुकडे स्वतंत्र कारभारास अपुरे होते. म्हणून १९२३ च्या कायद्याने ते एकत्र आणले गेले. परंतु त्यांना ‘प्रशासनदृष्ट्या तूर्त एकत्रित परगणे’ असे म्हटले गेले. यातील ‘तूर्त’ हा शब्द अर्थपूर्ण आहे. प्रशासनाने तुकड्यांचे एकीकरण केले, पण गेलेला प्रदेश परत मिळेल ही अपेक्षा कायद्याच्या भाषेत शिल्लक ठेवली. १९३८ ते १९४१ या काळात काही प्रदेश परत मिळाला. महायुद्धाच्या अखेरीस तोही गेला.

१९५० च्या पुनर्रचनेत २५ परगण्यांचे १९ करण्यात आले. ‘वारमेद्ये’तील ‘वार’ गळून नुसते ‘मेद्ये’ उरले, आणि बेरेग हे नावही परगण्याच्या नावातून नाहीसे झाले. राजवट पालटल्यावर १९९० च्या सुमारास बेरेग, मोशोन व एस्तेरगोम ही नावे पुन्हा जोडण्यात आली. ४ जून २०२० रोजी, म्हणजे तहाच्या शताब्दीदिनी, चोंग्राद परगणा ‘चोंग्राद-चॉनाद’ झाला. जुने चॉनाद हे गाव मात्र रुमानियात आहे. १ जानेवारी २०२३ पासून ‘वारमेद्ये’ हा जुना शब्दही अधिकृत व्यवहारात परत आणला गेला. यांपैकी कोणत्याही फेरबदलाने राष्ट्रसीमा तसूभरही हलली नाही. बदलली ती फक्त नावे.

तेव्हा या नावांतील संयोगचिन्ह दोन प्रदेशांना जोडते त्यापेक्षा दोन काळांना अधिक जोडते, असे म्हणावे लागेल. नकाशावर ‘बेरेग’ वाचणाऱ्याने तेथे संपूर्ण बेरेग आहे असे मानणे चूक. आणि त्या नावाला अर्थ नाही असे मानणे ही तितकीच मोठी चूक होय. सीमेच्या या बाजूस राहिलेल्या गावांना ते नाव त्यांच्या वारशाची खूण वाटते, तर शेजारच्या राष्ट्राला त्यातच जुन्या हक्काचा ध्वनी ऐकू येऊ शकतो. प्रशासकीय नावाचा अभ्यास केवळ व्युत्पत्तीवर थांबून चालत नाही, तो यासाठीच. नाव कोणत्या गडावरून पडले या प्रश्नाबरोबरच ते कोणी, केव्हा व कशासाठी टिकविले, हाही प्रश्न विचारला पाहिजे.