कथेतली पतसंस्था

बीड जिल्ह्यातल्या माणसाची गोष्ट संस्थांशिवाय पुढे सरकत नाही. पोरं कुठल्या तरी मंडळाच्या शाळेत, ऊस कारखान्याला, शिल्लक पतसंस्थेत, घरातल्या बाईचा बचत गट निराळा. कथेत या सगळ्यांना नावं द्यावी लागतात. नाव खोटं वाटलं की वाचकाला तिथला माणूसही खोटा वाटू लागतो.

म्हणून लिहायला बसण्याआधी मी खऱ्या पाट्या वाचतो. परळीजवळच्या पांगरीचा कारखाना वैद्यनाथाच्या नावाचा, गढीचा जय भवानी, अंबाजोगाईची जुनी शिक्षण संस्था योगेश्वरीची. तेलगावचा कारखाना आधी माजलगावच्या नावाचा होता, पुढे लोकनेते सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा झाला. देव, गाव, नेता: लोकांनी विश्वास कुठे ठेवला, ते या पाट्या सांगतात. शाळेच्या पाटीवर बऱ्याचदा वर बारीक अक्षरात संस्थेचं नाव, त्यापुढे ‘संचलित’ आणि खाली ठळक अक्षरात संस्थापकाच्या आईवडिलांचं नाव. लेटरहेड, पासबुकं, दाखल्यावरचे शिक्के हेही मी असंच बारकाईनं पाहतो.

सध्याच्या कथेत ऊसतोडीला जाणारं एक जोडपं आहे. मुकादमाची उचल फेडून उरलेले पैसे त्यांनी गावातल्या पतसंस्थेत ठेवले आणि संस्था बुडाली. गावाचं नाव रचलं निंबदरा. बालाघाटाच्या कुशीत शोभेल असं. गावाचा महादेव निंबदरेश्वर. त्यावरून पाटी झाली: ‘श्री निंबदरेश्वर ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्था मर्या., निंबदरा’. यातला एकही शब्द शोभेचा नाही. ‘बिगरशेती’मुळे ती गावच्या विकास सोसायटीहून वेगळी कळते, ‘मर्या.’ म्हणजे सभासदांची जबाबदारी मर्यादित. काळही सांभाळावा लागतो. राज्याच्या 1960 च्या सहकार कायद्याखाली नोंदलेली पतसंस्था वेगळी आणि केंद्राच्या 2002 च्या कायद्याखालची ‘मल्टिस्टेट’ वेगळी. कथा 1990 च्या सुमाराची असेल, तर गावच्या पाटीवर मल्टिस्टेट सहसा शोभत नाही.

एवढं लांबलचक नाव बोलताना मात्र कुणी घेत नाही. अंबाजोगाईच्या अंबा सहकारी साखर कारखान्याला लोक सरळ ‘अंबासाखर’ म्हणतात. म्हणून रचलेलं नाव मी पात्रांच्या तोंडी घालून पाहतो. ‘निंबदरेश्वरमधी पैसे अडकलेत, बाई,’ असं शेजारीण सहज म्हणते तेव्हा नाव बसलं असं समजतो. त्या वाक्यात देवही येतो आणि दगाही. देवाचं नाव बघूनच तर त्या दोघांनी ठेव ठेवली होती.

शेवटी शोध घ्यायचा: या नावाची खरी संस्था कुठे आहे का? अकरा तालुक्यांच्या जिल्ह्यात देवांची नावं पुन्हापुन्हा येतात. सहकार खात्याच्या याद्या पाहायच्या, तालुक्याच्या बातमीदारांना विचारायचं, जुळलं तर बदलायचं. तालुका तर मी लिहीतच नाही. पतसंस्था विश्वासावर चालते. अफवेनं ठेवीदार रांगा लावतात. कथेतल्या घोटाळ्यानं एखाद्या प्रामाणिक संस्थेच्या दारात अशी रांग लागता कामा नये. ज्यांचे पैसे खरोखर बुडाले, त्यांना गोष्ट आपली वाटावी आणि ज्यांनी कुणाचं काही बुडवलं नाही, त्यांच्यावर शिंतोडा उडू नये. दोन्ही साधलं तरच मी ते नाव कायम करतो.