टाकळ्याचे बी : सुप्तावस्था, अंकुरण आणि उगवण

पावसाच्या पहिल्या सरी बरसून गेल्या की कळंबोलीत लोखंड बाजाराच्या रस्त्यांलगत, मोकळ्या भूखंडांवर आणि कुंपणांच्या कडेने टाकळ्याची रोपे दाटीने वर येतात. शिंबावंत कुलातील ही वर्षायू वनस्पती. आयुर्वेदात तिला चक्रमर्द म्हणतात आणि गजकर्णावर तिचा उपयोग सांगितलेला आहे.

टाकळ्याचे बी तपकिरी, तुळतुळीत आणि दोन्ही टोकांना तिरपे छाटल्यासारखे असते. त्याच्या बीजावरणात स्तंभाकार कोशिकांचा घट्ट थर असल्यामुळे ताजे बी दिवसेंदिवस पाण्यात ठेवले तरी बहुधा फुगत नाही. ही कठीण कवचामुळे येणारी सुप्तावस्था होय. वैशाखातील तापलेली माती, दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक आणि मातीचे घर्षण यांमुळे नाभीजवळचा दुर्बळ भाग उघडतो व पाण्याला वाट मिळते. बी फुगल्यावर प्रथम आदिमूळ बाहेर येऊन जमिनीत शिरते. मग अधराक्ष आकड्याप्रमाणे वाकून माती सारतो आणि दोन्ही दलिका उजेडात आणतो. पुढे येणाऱ्या संयुक्त पानात सहसा तीन जोड्या पर्णिका असतात. त्या रात्री मिटतात.

खरी विलक्षण बाब अशी, की एकाच झाडाची सर्व बीजे एका वर्षी उगवत नाहीत. काहींचे कवच यंदा मऊ होते, काहींचे आणखी काही वर्षांनी. म्हणूनच एका मोसमातील बेणणीने हे तण संपत नाही. अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम जेम्स बील यांनी 1879 मध्ये बाटल्यांत पुरलेल्या तणबीजांपैकी काही 2021 मध्येही रुजली.

सर्वच तणांची रीत अशी नसते. एकदांडीच्या बारीक बीला रुजण्यासाठी प्रकाश लागतो, त्यामुळे ते खोल गाडले गेले तर पडून राहते आणि माती उकरली की उगवते. लव्हाळा मुख्यतः जमिनीतील गाठींपासून वाढतो. त्याच्यापुढे बीजाचा विचार गौण ठरतो.

टाकळ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी कोकणात आवडीने खातात. बिया भाजून कॉफीसारखे पेय करतात. बियांपासून मिळणारा डिंक खाद्यपदार्थ दाट करण्यासाठी वापरतात. महामार्गालगतचा पाला मात्र खुडू नये, कारण त्यावर वाहनांचा धूर व धूळ बसलेली असते. ज्यांना टाकळा नको असेल त्यांनी पिवळी फुले दिसताच, शेंगा धरण्यापूर्वी, तो मुळासकट उपटावा.