गोडाचा अतिरेक आणि दांपत्यस्वास्थ्य

खानदेशांत आदरातिथ्याचें माप गोडानें घेतलें जातें. आखाजीला खापरावरची पुरणपोळी, आमरस आणि सांजोऱ्या नसतील, तर सण साजरा झाला असें कोणी म्हणणार नाहीं. जळगांव काय किंवा धुळें काय, पाहुण्यापुढें फिका चहा ठेवतांना यजमानाला संकोचच वाटतो. सणाची गोडी वर्षांतून चार-दोन वेळांची. तिनें फारसें बिघडत नाहीं. बिघडतें तें रोजच्या गोडीच्या अतिरेकानें. तें कोठें कोठें बिघडतें हें सांगतांना डोळे, मूत्रपिंडें आणि पाय यांचीं नांवें सर्वजण घेतात; पतिपत्नींच्या कामजीवनाचें नांव मात्र कोणी उच्चारीत नाहीं. या मौनाची किंमत मोठी आहे.

प्रथम एक समजूत तपासून पाहिली पाहिजे. दूध, तूप, साखर आणि सुका मेवा यांच्या पाकांनीं पुरुषत्व वाढतें, असें पुष्कळांना वाटतें. या समजुतीला जुना आधार आहे. आयुर्वेदानें मधुर रस धातुवर्धक मानला आहे. परंतु अतिरेकाविषयीं त्याच शास्त्रानें स्पष्ट बजावलेंही आहे. चरकसंहितेंत प्रमेहाच्या कारणांमध्यें बैठें सुख, अतिनिद्रा, दहीं, नवें धान्य आणि गुळाचे पदार्थ हीं एकत्र सांगितलीं आहेत. सुश्रुतानें जन्मतः होणारा आणि अपथ्यानें होणारा, असे प्रमेहाचे दोन प्रकार केले आहेत. अकराव्या शतकांतील प्रसिद्ध वैद्य इब्न सीना यानें तर या रोगांत कामशक्ति क्षीण होते, असें नमूद करून ठेवलें आहे. तेव्हां हा संबंध नवा नाहीं. त्याची कारणमीमांसा तेवढी नवी आहे.

साखर हें विष नव्हे, आणि एके दिवशीं जिलबी खाल्ली म्हणून कोणी दुर्बळ होत नाहीं. परंतु गरजेपेक्षां अधिक खाणें आणि बैठें काम यांची जोड झाली, म्हणजे पोटाभोवतीं व यकृतांत मेद सांचतो. स्वादुपिंडांतून येणाऱ्या इन्शुलिनला शरीर पूर्वींसारखी दाद देत नाहीं, रक्तांतील साखर चढूं लागते आणि पुढें मधुमेह जडतो. अनुवंशाचाही त्यांत वांटा असतो. एकट्या साखरेवर सगळा दोष ठेवणें योग्य होणार नाहीं.

पुरुषाच्या इंद्रियाला ताठरता येते ती तेथील रक्तवाहिन्या सैल होऊन त्यांत रक्त भरल्यामुळें. वाहिन्या सैल करण्याचा निरोप नायट्रिक ऑक्साइड हा वायु देतो. रक्ताभिसरणांतील त्याच्या या कार्याचा शोध लावल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या शास्त्रज्ञांना १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. रक्तांत साखर सतत अधिक राहिली कीं वाहिन्यांचें अस्तर खराब होतें, हा वायु कमी पडतो आणि मज्जातंतुही बधिर होत जातात. इच्छा असूनही शरीर साथ देत नाहीं, तें यामुळें. शिवाय स्थूलपणानें टेस्टॉस्टेरॉन हें पुरुषत्वाचें द्रव्यही कमी होतें.

स्त्रियांची बाजू याहूनही दुर्लक्षित आहे. मधुमेहांत योनिमार्गाला बुरशीचा संसर्ग वारंवार होतो. खाज, कोरडेपणा आणि वेदना यांमुळें समागम नकोसा वाटतो. घरांत त्याला 'स्वभाव' असें नांव मिळतें, आणि रोग तसाच राहतो. तरुण स्त्रियांमध्यें इन्शुलिनच्या याच बिघाडाशीं पीसीओएस हा विकार निगडित आहे. त्यानें पाळी अनियमित होते आणि गर्भधारणेस विलंब लागतो. अशा वेळीं सुनेला दोष देण्यापेक्षां दोघांचीही तपासणी करणें अधिक शहाणपणाचें होय.

हा प्रश्न थोड्यांचा नाहीं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत देशांतील मधुमेह्यांची संख्या सुमारें १० कोटी १० लक्ष आढळली. त्याच पाहणीच्या २०११ सालच्या वृत्तांतांत महाराष्ट्रांतील प्रौढांमध्यें हें प्रमाण शेंकडा ८.४ होतें. जगांतील अनेक अभ्यासांचें एकत्रित परीक्षण २०१७ सालीं झालें. त्यांत मधुमेही पुरुषांपैकीं निम्म्याहून अधिकांना लिंगशैथिल्याचा त्रास असल्याचें दिसलें.

या त्रासांत एक इशाराही दडलेला असतो. इंद्रियाच्या रोहिणी हृदयाच्या रोहिणींपेक्षां अरुंद असतात. म्हणून वाहिन्यांचा रोग पुष्कळदां तेथें आधीं प्रकट होतो आणि हृदयाचें दुखणें कांहीं वर्षांनीं येतें. जो मनुष्य लाजेनें गप्प बसतो, तो केवळ रतिसुखालाच नव्हे, तर वेळेवर मिळालेल्या सूचनेलाही मुकतो.

गप्प बसलेला मनुष्य शेवटीं जातो कोठें? बसस्थानकाजवळच्या भिंतीवर 'गुप्तरोगा'ची जाहिरात असते, तिच्याकडे. मधुमेह बरा करण्याचा किंवा कामशक्ति वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानें बंदी आहे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. दुकानांतून आपल्याच मतानें गोळ्या घेणेंही धोक्याचें. हृदयासाठीं नायट्रेटचें औषध चालू असल्यास त्यांनीं रक्तदाब एकाएकीं खालीं येऊन प्राणावर बेतूं शकतें.

खरा उपाय साधा आहे. जळगांव व धुळें या दोन्ही ठिकाणीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. उपाशीपोटीं रक्त तपासून घेण्यास अडचण पडूं नये. उपाशीपोटीं साखर १२६ किंवा त्याहून अधिक आणि फेरतपासणींतही तशीच आली, तर तो मधुमेह समजावा. रक्तदाब, तंबाखू, मनाचा ताण व कांहीं औषधें हींही शैथिल्याचीं कारणें असल्यानें डॉक्टरांना सर्व मोकळेपणें सांगावें. चालू औषध मात्र आपण होऊन बंद करूं नये.

वरून घातलेल्या साखरेची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितली. दिवसाला २,००० कॅलरींचा आहार घेणाऱ्यास ती सुमारें ५० ग्रॅम, आणि निम्मी केल्यास अधिक चांगलें. दोन चमचे साखरेचे सहा कप चहा झाले, कीं जेवणांत गोड नसतांनाही ही मर्यादा भरते. सबंध केळ्यांतील साखर या हिशेबांत धरीत नाहींत. मधुमेह्यानें मात्र तेंही मोजून खावें. इटलींतील एका प्रयोगांत, मधुमेह नसलेल्या स्थूल पुरुषांनीं दोन वर्षें आहार आणि व्यायाम सांभाळला, तेव्हां सुमारें एकतृतीयांशांचें सामर्थ्य परत आलें. हा निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाला.

दादरची भाकरी, भाजी आणि संध्याकाळचें चालणें यांत कोणतेंही गुप्त औषध नाहीं. चहांतला एक चमचा कमी करणें आणि पतिपत्नींनीं एकमेकांशीं मोकळेपणें बोलून बरोबर तपासणीस जाणें, एवढें झालें तरी अनेक घरांतील न सांगितलेलें दुःख दूर होण्यास आरंभ होईल.